चंडोल छाप

सून : अजून थोडी. अप्पा, खुर्ची पूर्ण भिंतीकडे वळवा.

अप्पा : माझ्याच कारखान्यात मी भिंतीकडे तोंड करून बसू? वर्गात दंगा केलेल्या पोरासारखा?

सून : तुम्हीच काल छातीठोकपणे म्हणालात, कुठलेही चार ट्रम्पेट वाजवा, डोळे मिटून माझा ओळखतो.

अप्पा : मग डोळे मिटतो की. खुर्ची कशाला छळतेस?

सून : तुम्ही डोळे मिटता ते किलकिले. पत्ते खेळताना बघितलंय मी.

मास्तर : सूनबाई, इतक्या वर्षांत याला कुणी भिंतीकडे बसवलेलं मी पाहिलं नव्हतं. नुसतं एवढं बघायला मिळालं तरी माझी फेरी वसूल.

अप्पा : मास्तर, तू परीक्षक आहेस. परीक्षकानं तोंड बंद ठेवायचं आणि वाजवायचं.

मास्तर : तोंड बंद ठेवून ट्रम्पेट वाजवायची विद्या आमच्या अग्निशमन दलाच्या बँडमध्ये शिकवत नव्हते रे. नाहीतर मी आज कुठच्या कुठे असतो.

सून : झालं तुमचं दोघांचं? परत एकदा सांगते, म्हणजे नंतर कुणी कुरकूर करायची नाही. टेबलावर चार ट्रम्पेट आहेत. एक आपला चंडोल, मागच्या आठवड्यात जोडलेला. बाकीचे तीन बाजारातले, ओळखीच्यांकडून मागून आणलेत. कर्ण्यावर जिथं कंपनीचा ठसा असतो तिथं मी चिकटपट्टी लावली आहे. मास्तर एकेक वाजवतील, अप्पा ऐकतील, आणि दोघांनी खरं सांगायचं.

मास्तर : आणि मी जे सांगेन ते संगीतशाळेला जाऊन सांगेन. मुलांसाठी कुठल्या कंपनीचे ट्रम्पेट घ्यायचे ते शाळेनं माझ्यावर सोपवलंय. अप्पा, आत्ताच सांगतो, मैत्री मैत्रीच्या जागी. पोरांच्या हातात मी वाईट वाद्य देणार नाही.

अप्पा : तुझ्याकडे कुणी भीक मागितली आहे का?

सून : मी मागितली. मास्तर, आता डोळ्यांवर हा रुमाल. आणि हे हातमोजे.

मास्तर : हातमोजे कशाला?

सून : तुमची बोटं बटणांना लागली की तुम्हाला कंपनी कळेल.

मास्तर : अगं, आग विझवायलासुद्धा एवढे जाड नव्हते आम्हाला. बरं, दे. माउथपीस तेवढं माझंच लावणार हां. खिशात आहे.

सून : ते तुमचंच. वादक दुसऱ्याचं माउथपीस तोंडाला लावत नाही, एवढं मला कळतं. दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश वापरल्यासारखं.

अप्पा : आणि संध्याकाळचं काय ठरलंय ते नाही सांगितलंस मास्तरला.

सून : तुम्हीच सांगा.

अप्पा : एक मोठा दुकानदार आहे मास्तर. म्हणतो, तुमचं काम सुबक आहे, जोड दिसत नाहीत, सगळा माल उचलतो. फक्त कर्ण्यावरचा पक्षी काढा. चंडोल दिसला की गिऱ्हाईक हात मागे घेतं म्हणे. बिननावाचा द्या, मी माझा ठसा मारतो.

मास्तर : आणि तू काय म्हणालास?

अप्पा : मी कशाला काय म्हणू? मी फोन हिच्या हातात दिला. आमच्या चिरंजिवांना कारखाना नको होता, ते बस चालवतात आणि सुखात आहेत. कारखाना हिनं उचलला. तेव्हा फोनही हिनंच उचलायचा.

सून : मी त्याला आज संध्याकाळपर्यंत कळवते म्हटलंय. आणि आमचं दोघांचं ठरलंय. आज चंडोल खरा उतरला तर पक्षी राहणार. नाही उतरला तर मी त्याला हो म्हणणार, आणि अप्पा मध्ये पडणार नाहीत.

अप्पा : पक्षी काढला की उरलं काय? नुसतं पितळ. पण शब्द दिलाय. वाजव मास्तर.

मास्तर : थांब, ओठ जरा ओले करतो. हं. पहिला कुठाय?

सून : हा घ्या. खालून सुरू करा, सावकाश वर जा, मग तुमच्या मनातली कुठलीही धून.

मास्तर : झाला पहिला. बोल रे, भिंतीकडच्या.

अप्पा : आत कापूस कोंबल्यासारखा आवाज. पत्रा पातळ, मन त्याहून पातळ. घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून घ्यायला ठीक.

मास्तर : माझंही तेच. दे दुसरा.

सून : हा. उजव्या हाताला बघा, पडेल.

मास्तर : हं, हा शहाणा आहे. सांगितलेलं ऐकतो.

अप्पा : थांब. हा माझा.

सून : अजून दोन राहिलेत, अप्पा.

अप्पा : राहू देत. खालचा सूर ऐकलास? पोटभर जेवलेल्या माणसाचा. आणि वर गेला तरी पाय रोवून उभा. हा माझाच. पैजेवर सांगतो.

सून : बरं. तिसरा घ्या, मास्तर.

मास्तर : हा जरा... थांब, परत घेतो. खाली तर... अरे वा. मधे पण वा. आता वर. हं. नाही. परत. नाही, हा वर उभा राहत नाही.

अप्पा : कुणी केला हा? ज्यानं केला त्याला कान नाहीत. खाली बरा वाटतो, आणि वर गेला की शिडीवरून खाली बघणाऱ्या माणसासारखा लटपटतो. असलं वाद्य पोरांना देऊ नकोस मास्तर. पोरं स्वतःला दोष देतील आणि ट्रम्पेट सोडतील. सूनबाई, कुठल्या कंपनीचा आहे हा?

सून : चौथा वाजवू द्या आधी.

मास्तर : चौथा... हा ठोकळा आहे. बोलायलाच नको.

अप्पा : सहमत. आता पट्ट्या काढ. दुसऱ्यापासून काढ.

सून : दुसरा परदेशी आहे अप्पा. तो मोठा नावाजलेला. संगीतशाळेच्या मुख्य वादकाकडून मागून आणलेला.

अप्पा : मग माझा कुठाय?

सून : तिसरा.

अप्पा : पट्ट्या अदलाबदल झाल्यात तुझ्याकडून.

सून : वळा आणि स्वतः बघा. पक्षी आहे त्याच्यावर. तुमच्याच हातानं मारलेला.

मास्तर : हा रुमाल काढू का मी? ...बरं, काढतो. अप्पा, अरे बस. बस खाली.

अप्पा : बसलेलाच आहे.

मास्तर : असं बघ, मला तुझं मन मोडायचं नव्हतं, म्हणून मी कधी बोललो नाही. पण वादकांमध्ये जुना विनोद आहे. चंडोलला उंचीची भीती वाटते म्हणतात. मी हसायचो नाही, पण ऐकायचो.

अप्पा : दे इकडे तो ट्रम्पेट.

सून : अप्पा, राहू दे आता.

अप्पा : दे म्हणतो ना. कारखान्यातून गेलेला एकेक ट्रम्पेट मी स्वतः वाजवून पाठवलाय. एक सुटलेला नाही. हा गेल्या मंगळवारी मी वाजवला तेव्हा खणखणीत होता. हे बघ. माझं माउथपीस खिशात असतं. ऐक आता.

(अप्पा वाजवतात. वरचा सूर खणखणीत लागतो.)

अप्पा : ऐकलंस?

मास्तर : परत वाजव. वरचा.

अप्पा : घे. आता?

मास्तर : हा तोच ट्रम्पेट आहे?

अप्पा : तुझ्यासमोर उचलला. आता सांग, दोष वाद्याचा की वाजवणाऱ्याचा?

सून : अप्पा.

अप्पा : काय अप्पा? आठवडाभर हातमोजे आणि रुमाल गोळा करत फिरलीस, आणि परीक्षकाला वरचा सूर लागत नाही.

मास्तर : त्याला बोलू दे सूनबाई. खरं असेल ते. मला बरेच दिवस तेच वाटतंय.

सून : काय वाटतंय?

मास्तर : की माझे ओठ गेले. वादकाचे ओठ जातात, माहीत आहे ना, पैलवानाचे गुडघे जातात तसे. माझ्याकडेही चंडोलच होता. याच्या बापाशप्पथ, काय वाजायचा. सगळ्या दलात मी मिरवायचो. मग एकदा संचलनात आमच्या ढोलवाल्यानं मला कोपर मारलं, आणि माउथपीस उडालं ते थेट गटारात. नवीन घेतलं, चांगलं, नावाजलेलं. पण त्या दिवसापासून चंडोल माझ्यावर रुसला. वर गेलं की हात सोडून द्यायचा. मी सराव दुप्पट केला. पहाटे गच्चीवर जाऊन वाजवायचो, शेजारी बादल्या आपटायचे. काही उपयोग नाही. शेवटी परदेशी घेतला, तो कच्च्या ओठांनाही सांभाळून घेतो, त्याच्यावर कसंबसं निभावलं. पण मनात बसलं ते बसलंच, की मी संपलो.

अप्पा : हे तू मला कधी बोलला नाहीस.

मास्तर : काय बोलू? तुझा ट्रम्पेट वाईट म्हणू की माझे ओठ वाईट म्हणू? दोन्ही बोलवेना, म्हणून तुझ्याकडे येणं कमी केलं. तुला वाटलं असेल, मास्तर शिष्ट झाला.

अप्पा : वाटलं होतं.

सून : मास्तर, एक मिनिट. गटारात गेलेलं माउथपीस कुठलं होतं?

मास्तर : चंडोलबरोबर पेटीत आलेलं. वहिनींनी लेथवर कातलेलं. तेव्हा प्रत्येक पेटीत असायचंच.

सून : मग आईंकडून दुसरं का नाही घेतलंत?

मास्तर : त्याच वर्षी वहिनी गेल्या ना गं. याच्याकडे बघवत नव्हतं. माउथपीस कुठं मागणार?

सून : अप्पा, तुमच्या खिशातलं माउथपीस आईंनीच केलेलं ना?

अप्पा : मग काय. दुसऱ्या कुणाचं मी ओठांना लावलेलं नाही.

सून : द्या इकडे.

अप्पा : कशाला?

सून : धुऊन आणते. आणि मास्तर, तुमचंही द्या. अदलाबदल करायची आहे. तोंडं वाकडी करू नका दोघांनी, साबण लावून, गरम पाण्यानं धुते.

मास्तर : अगं, आत्ताच तू म्हणालीस दात घासायचा ब्रश...

सून : आता मीच म्हणते वापरा. द्या.

अप्पा : ही अशीच आहे. डोक्यात काही आलं की घर डोक्यावर घेते.

मास्तर : वहिनीही अशाच होत्या.

अप्पा : होत्या. लेथवर बसली की माझीसुद्धा जवळ जायची टाप नव्हती. जेवण झालं का विचारलं तरी हात करायची, थांबा म्हणून.

सून : झालं. मास्तर, हे अप्पांचं. चंडोललाच लावा. वर जा, घाबरू नका.

मास्तर : घाबरतो कशाला. या वयात... हं. हं? थांब.

अप्पा : वाजव की, थांबलास का?

मास्तर : थांबलो कारण लागला. अप्पा, लागला रे. थांब, अजून वर जातो. हे बघ. इथं मी त्या संचलनापासून गेलेलो नाही. हे बघ, परत. माझे ओठ आहेत. अरे, माझे ओठ आहेत जागेवर.

सून : आता अप्पा, मास्तरांचं माउथपीस लावा आणि तुम्ही वाजवा.

अप्पा : मला कळलंय तुझ्या मनात काय आहे.

सून : कळलंय तरी वाजवा.

अप्पा : ...ऐकलं? झालं समाधान? डळमळला. माझ्या हातात माझा ट्रम्पेट डळमळला.

सून : आता तसंच धरा, काढू नका. माउथपीस आत कुठपर्यंत गेलंय तिथं पेननं गोल रेघ मारते. आता आईंचं घालून तिथं रेघ. बघा, शेजारी शेजारी धरा.

मास्तर : माझं बाहेरच राहतंय. आत गेलंच नाही पुरतं.

सून : तांदळाच्या दाण्याएवढं. म्हणजे आत नळी आणि माउथपीस यांच्यात फट राहते. आणि आईंचं परदेशी ट्रम्पेटला लावून बघू... हे बघा, हे उलट जास्तच आत जातंय, गचके खातंय. अप्पा, माउथपीस बसायची आपली खोबण बाजारापेक्षा लहान आहे. सगळ्या चंडोलांची.

अप्पा : खोबण लहान नाही. खोबण बरोबर आहे.

सून : कुणाच्या मापानं?

अप्पा : ...तिच्या.

मास्तर : वहिनींच्या?

अप्पा : लग्नानंतर नुकताच कारखाना टाकला होता. कारखाना कसला, एक खोली. माउथपीस बसायची खोबण कोरायला रिमर लागतो, तो मीच घासून बनवायला घेतला, आणि तिनं लेथवर पहिलं माउथपीस कातलं. बसवलं तर हललं. मी म्हटलं, बारीक झालंय तुझं, परत कर. ती म्हणाली, माझं बरोबर आहे, तुमचीच खोबण मोठी आहे. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. म्हणजे कामापुरतं बोलायची, कानस इकडे द्या, पाना तिकडे द्या. शेवटी मी रिमर परत घासला. तिच्या माउथपीसला बसेल असा. भांडण मिटलं.

सून : आणि तोच रिमर आजपर्यंत?

अप्पा : तोच. धार लावून लावून. काय बिघडलं होतं? प्रत्येक पेटीत ट्रम्पेट माझा आणि माउथपीस तिचं. लोक रांगा लावायचे मास्तर, तू बघितलंयस.

मास्तर : बघितलंय. मीच रांगेत होतो.

अप्पा : मग ती गेली. लेथवर दुसऱ्या कुणाला बसवणं माझ्यानं झालं नाही. म्हटलं, माउथपीस काय, ज्याचं त्याच्याकडे असतंच. नुसते ट्रम्पेट विकायला लागलो. आणि तेव्हापासून चंडोलचं नाव उतरणीला लागलं. लोक तोंडावर म्हणायचे, कारखान्याचं नशीब बाईबरोबर गेलं. मलाही तेच पटलं होतं. नशिबापुढे काय करणार, म्हणून मी फक्त काम आणखी चांगलं करत गेलो. जोड आणखी सुबक, पॉलिश आणखी चकचकीत.

सून : आणि प्रत्येक ट्रम्पेट तपासायचात खिशातलं आईंचं माउथपीस लावून.

अप्पा : हो. प्रत्येक. आणि प्रत्येक वेळी तो उत्तम वाजायचा. मग परत आलेल्या गिऱ्हाइकाला मी म्हणायचो, वाजवायला शिका. सूनबाई, म्हणजे मी इतकी वर्षं एकाच माणसासाठी ट्रम्पेट बनवत होतो. माझ्यासाठी.

सून : अप्पा, पाणी देऊ?

अप्पा : नको. आणि हा इथं बसलेला. माझ्या तांदळाच्या दाण्यापायी स्वतःला संपलेला समजत होता. असे किती असतील मास्तर? पहाटे गच्चीवर जाणारे?

मास्तर : असतील काही. मला आत्ता त्यांचं सोड. मला आत्ता इतकं बरं वाटतंय की तुझ्यावर रागवायलाही सुचत नाहीये.

अप्पा : ठीक आहे. मार्ग सोपा आहे. लेथ उद्या चालू करतो. तिची माउथपीसं बघून बघून कातायची आणि परत प्रत्येक पेटीत एक द्यायचं. पूर्वीसारखं.

सून : नाही अप्पा.

अप्पा : का नाही?

सून : मुलं ती हरवतील. मास्तरांचं नाही गेलं गटारात? मग दुसरं घेतील आणि पुन्हा चंडोल रुसेल.

मास्तर : माझी पोरं तर डबे हरवतात, चपला हरवतात. एकानं वर्गात येताना ट्रम्पेटच बसमध्ये सोडला. तुझ्या चिरंजिवांच्या बसमध्ये असेल कदाचित.

सून : आणि शिकून मोठी झाली की आपल्या आवडीचं माउथपीस घेणारच. घ्यावंच. खोबण मोठी करायला हवी, सगळ्यांचं बसेल अशी. बाजारात असतो तसा रिमर माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी मागवला होता. तुम्ही म्हणालात, घरचा असताना बाहेरचं हत्यार कशाला. डब्यातून काढलाही नाही.

अप्पा : मला हे कळत नाहीये असं नाही. पण खोबण मोठी केली, की मग तिचं एकही माउथपीस कुठल्याच नव्या चंडोलला बसणार नाही. कायमचं.

सून : नाही बसणार.

अप्पा : एवढं सरळ सांगतेस.

सून : सरळ नाही सांगत. मला आईंनी सोल्डर लावायला शिकवलं. या घरात आले तेव्हा मला कुणाशी काय बोलायचं तेही सुचायचं नाही, आणि त्यांनी मला काही न विचारता शेजारी स्टूल दिलं. मला त्या रोज आठवतात. पण तो दुकानदार म्हणतोय तसं केलं, तर बिननावाचा, डळमळणारा ट्रम्पेट जाईल आणि आपण चांगलं काम केलं म्हणून झोपू. ते मला नको. मला आपलं नाव हवंय, आणि ते ऐकून वादकानं हात पुढे करायला हवा.

मास्तर : अप्पा, वहिनी असत्या तर त्यांनी काय केलं असतं?

अप्पा : भांडली असती. म्हणाली असती, माझं बरोबर आहे. दोन दिवस बोलली नसती.

मास्तर : आणि तिसऱ्या दिवशी?

अप्पा : तिसऱ्या दिवशी म्हणाली असती, पोरं वाजवणार आहेत ना? मग त्यांच्या मापाचं करा. तिला पोरांचं फार होतं. ...काढ तो रिमर डब्यातून.

सून : खरंच?

अप्पा : माझं मन बदलायच्या आत काढ. आणि माझ्या कपाटातला जुना ट्रम्पेट आहे ना, त्याला हात लावायचा नाही. तो तिचा राहू दे.

सून : तो तुमच्याकडेच. त्याला कोण हात लावतंय.

अप्पा : हं. धार बरी आहे. कागद काढ त्याचा. वाइसमध्ये ट्रम्पेट पकड, फडकं गुंडाळून, नळीवर वळ यायला नको. फिरव तू.

सून : मी? खोबणीचं काम तुम्ही मला कधी करू दिलं नाहीत.

अप्पा : आजपासून करायचं. सरळ धर. जोर देऊ नकोस, हत्याराला आपलं काम करू दे. एक फेरा. थांब, भुकटी झटक. आता अर्धा. बस. मास्तरचं माउथपीस घालून बघ.

सून : रेघेपर्यंत गेलं.

अप्पा : हलतंय?

सून : जराही नाही.

अप्पा : मास्तर, उठ. तुझंच माउथपीस आहे. वाजव.

मास्तर : मला भीती वाटते रे आता.

अप्पा : मलाही. वाजव.

(मास्तर वाजवतात. खालून सावकाश वर जातात, वरच्या सुरावर थांबतात, आणि बराच वेळ तिथेच राहतात.)

सून : अप्पा?

अप्पा : ऐकतोय.

मास्तर : पाय रोवून उभा आहे. सूनबाई, तो परदेशीवाला घेऊन जा आणि ज्याचा त्याला परत दे. मी शाळेला चंडोल सांगणार. मैत्रीखातर नाही. खालचा आवाज याचाच सगळ्यात चांगला होता, ते मी रुमाल बांधलेला असतानाच म्हणालो होतो.

अप्पा : वा म्हणालास. दोनदा.

मास्तर : मोजलंस म्हणजे. आणि माझा जुना चंडोल कपाटावर पडलाय, त्यालाही हा फेरा मारून द्यायचा. उद्याच आणतो.

अप्पा : तुझाच का? सगळ्यांचेच बोलवायचे. जिथं जिथं चंडोल गेलाय तिथं निरोप पाठवायचा. माळ्यावर टाकला असेल, खुंटीला लावला असेल, घेऊन या म्हणावं, बसवून देतो. ज्यांना मी वाजवायला शिका म्हणालो त्यांना आधी. त्यांच्याशी मीच बोलेन, तू नको बोलूस.

सून : ते येतील तेव्हा येतील. त्या दुकानदाराचा फोन बाकी आहे. काय सांगू त्याला?

अप्पा : कारखाना तू चालवतेस.

सून : चालवते. तरी विचारते.

अप्पा : मग सांग, माल मिळेल, पक्ष्यासकट मिळेल. नको असेल तर राहिलं.

सून : तो विचारेल, इतके दिवस नाव खराब होतं ते आज अचानक कसं चांगलं झालं.

अप्पा : विचारू दे. सांग, खोबण लहान होती. चूक आमची होती, वाजवणाऱ्यांची नव्हती. आज दुरुस्त केली.

सून : एवढं सगळं सांगू? दुकानदाराला?

अप्पा : सगळं सांग. आणि आधी चूक सांग. मग नाव.